कोलांसच्या उलट्या वाटेने : भोपाळच्या बड्या तालाबाकाठी चार दिवस

दिवस पहिला : पाळीवरून

नर्मदा ओलांडताना अजून पुरतं उजाडलं नव्हतं. समोरच्या बाकावरच्या आजींनी खिडकीची काच वर केली, एक रुपयाचं नाणं पुलाखाली सोडलं, हात जोडले आणि पुन्हा शालीत शिरल्या. बुदनी मागे पडली तशी गाडी विंध्याचा घाट चढायला लागली. दोन्ही बाजूंना सागाची रानं, मधूनच एखादा कोरडा ओढा. घाटमाथ्यावर पोचता पोचता पाण्याची दिशा बदलते. घाटाखाली पडलेला पाऊस नर्मदेतून अरबी समुद्राला मिळतो. माथ्यापलीकडचा पाऊस बेतवेत जातो, तिथून यमुनेत, गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. भोपाळ या पलीकडच्या उतारावर वसलंय. नर्मदा जेमतेम सत्तर किलोमीटरवर, पण भोपाळच्या तळ्यातला थेंब तिच्याकडे वळत नाही.

रानी कमलापती स्टेशनवर उतरले. पूर्वीचं हबीबगंज, २०२१ मध्ये नाव बदललं. मावशीचं घर प्रोफेसर कॉलनीत, दोन तलावांच्या मधल्या टापूत. लग्न होऊन नाशिकहून ती इथे आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तिच्या मराठीत आता ‘नळाला पाणी आलं’ असं येत नाही, ‘नल आले’ असं येतं.

मी चार दिवस फक्त तलाव बघायला आलेय म्हटल्यावर ती चहाचा कप हातात तसाच धरून बघत राहिली.

“अगं, तालाबाला काय चार दिवस लागतात? संध्याकाळी बोट क्लबवर एक चक्कर मारू. झालं.”

“मावशी, तो कुठून येतो आणि कुठे जातो, ते सगळं बघायचंय.”

“येतो म्हणजे? तो इथेच आहे की.”

हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून चार दिवस गेलं नाही. पंचेचाळीस वर्षं एखाद्या तळ्याचं पाणी पिऊनही ते कुठून येतं हे आपल्याला माहीत नसतं, आणि यात मावशीचा काही दोष नाही. माझ्या नाशिकच्या नळाचं पाणी कुठल्या डोंगरावरून येतं हेही मी फार उशिरा शोधलं.

जेवण करून चालत कमला पार्कला गेले. फुलझाडं, बाकडी, शाळेतून पळून आलेली पोरं, बाजूने जाणारा गर्दीचा रस्ता. कुठल्याही शहरात असावी तशी बाग. पण आपण उभे असतो ते राजा भोजाच्या धरणावर. परमार राजा भोज, धार ही त्याची राजधानी, काळ अकराव्या शतकाचा. कोलांस नावाची एक साधी नदी पश्चिमेकडून यायची आणि इथल्या टेकड्यांमधल्या खिंडीतून पुढे निघून जायची. त्या खिंडीत मातीचा बांध घातला आणि मागे पाणी साठलं. जवळजवळ हजार वर्षं झाली, बांध जागेवर आहे. त्याच्यावर आज बाग आहे, रस्ता आहे, आणि बहुतेकांना आपण बांधावरून चालतोय याची कल्पनाही नाही.

भोपाळ हे नाव ‘भोजपाल’वरून आलं असं सांगतात. पाल म्हणजे बांध. मराठी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडेही तळ्याच्या बांधाला पाळच म्हणतात. गावाकडे ‘पाळीवर बसलो होतो’ म्हणणारी माणसं अजून आहेत.

पाळीवर उभं राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघावं. एका अंगाला बडा तालाब, पार क्षितिजापर्यंत. दुसऱ्या अंगाला, बऱ्याच खालच्या पातळीवर, छोटा तालाब. तो पुष्कळ नंतरचा. नवाब हयात मुहम्मद खानाचा मंत्री छोटे खान याने १७९४ मध्ये पुल पुख्ता बांधला आणि मोठ्या तळ्यातून झिरपणारं पाणी पुन्हा एकदा अडवलं. त्याच्याही पुढे जी धार जाते तिला आता पात्रा नाला म्हणतात. खरं तर तीच जुनी कोलांस. तळ्यापर्यंत नदी, तळ्यानंतर नाला. पुलावरून खाली वाकून बघितलं तेव्हा पाणी काळं होतं आणि वास येत होता. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

बागेच्या कडेला कमलापती महाल आहे. गिन्नौरगडचा गोंड राजा निजामशाह याची ही राणी. नवरा गेल्यावर तिने दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराची मदत घेतली आणि पुढे हा मुलूख त्याच्याकडे गेला. त्यानेच फतेहगड बांधला आणि भोपाळचं संस्थान उभं केलं. महालाचे काही मजले पाण्याखाली आहेत आणि राणीने तळ्यातच जलसमाधी घेतली, असं इथे सगळे सांगतात. खालच्या कमानींना लागून पाणी डुचमळत होतं. ‘ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया’ ही म्हण मावशीच्या कामवाल्या बाईंनी मला सकाळीच ऐकवली होती. महालाच्या सज्जातून बघताना ती बढाई वाटली नाही.

मराठी माणसाला याच काठावर आणखी एक गोष्ट आठवते. डिसेंबर १७३७. दिल्लीच्या बादशहाने निजामाला मोठी फौज देऊन मराठ्यांवर पाठवलं होतं. पहिल्या बाजीरावाने त्याला भोपाळात गाठलं. निजाम किल्ल्याच्या आणि तळ्याच्या आसऱ्याने बसला. पाठीशी पाणी असलं की तिकडून हल्ला येत नाही, हा त्याचा हिशेब बरोबर होता. पण पाठीशी पाणी असलं की तिकडून निसटताही येत नाही. बाजीरावाने समोरासमोर भिडण्याऐवजी रसद तोडली. चिमाजी अप्पा तिकडे तापीच्या बाजूला निजामाच्या मुलाची वाट अडवून उभे होते. दाणागोटा संपला, जनावरं मरायला लागली आणि ७ जानेवारी १७३८ रोजी भोपाळजवळच्या दोराहा सराई इथे तह झाला. माळवा आणि नर्मदा ते चंबळ यांमधला मुलूख मराठ्यांना, वर पन्नास लाख रुपये. शाळेत ही ‘भोपाळची लढाई’ म्हणून मी पाठ केली होती. त्या धड्यात तळं कुठेच नव्हतं. इथे उभं राहिल्यावर कळतं की तो सगळा वेढा या पाण्याच्या आकाराने ठरला होता.

संध्याकाळी व्हीआयपी रोडवरून चाललो, मावशी आणि मी. तटाच्या एका बुरुजावर राजा भोजाचा भव्य पुतळा उभा केलाय. २०११ मध्ये तळ्याचं अधिकृत नावही भोजताल झालं, पण बोलण्यात सगळ्यांच्या तोंडी बडा तालाबच. पाण्यात तकिया टापू नावाचं छोटं बेट दिसतं, त्यावर शाह अली शाह यांची मजार आहे. सूर्य त्या बेटाच्या मागे बुडाला. परतताना जुन्या शहरात सुलेमानी चहा प्यायलो. त्यात चिमूटभर मीठ असतं. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्यापासून आवडायला लागतो.

दिवस दुसरा : दक्षिण काठ

पहाटे साडेपाचला मावशीच्या बादल्यांच्या आवाजाने जाग आली. नल आले होते. आधी तांब्याची कळशी, मग स्टीलचा पिंप, मग बादल्या, ओळ ठरलेली. कळशी भरत आली की नळाखालचा आवाज बारीक होत जातो आणि ती न बघता तोटी फिरवते. “पावसाळ्यात पेपरात रोज लेव्हल छापून येते,” ती म्हणाली. “सोळाशे सहासष्ट दशांश ऐंशी फूट झालं की तालाब भरला. त्या दिवशी सगळं गाव भदभद्याच्या धरणाचे गेट उघडताना बघायला जातं. तुझे काका स्कूटरवर न्यायचे मला.”

समुद्रसपाटीपासून १६६६.८० फूट हा आकडा भोपाळमध्ये रिक्षावाल्यालाही पाठ असतो. दुसऱ्या कुठल्या शहरात माणसांना आपल्या तळ्याची पातळी दशांशापर्यंत तोंडपाठ असेल, असं मला वाटत नाही. आता शहराला कोलार धरणाचं आणि नर्मदेचंही पाणी येतं, पण कितीतरी वस्त्यांना आजही या तळ्याचंच पाणी मिळतं. हजार वर्षांपूर्वी अडवलेलं पाणी अजून पिण्याच्या कामी येतंय.

सकाळ वन विहारात घालवली. तळ्याच्या दक्षिण काठाला लागून ४४५ हेक्टरचं हे राष्ट्रीय उद्यान आहे. रामू गेटने आत शिरायचं, भाड्याची सायकल घ्यायची आणि पाण्याच्या कडेकडेने चिकू गेटपर्यंत जायचं. आत बिबटे, वाघ, सिंह मोठ्या कुंपणांमध्ये ठेवलेले आहेत. बहुतेक जनावरं अनाथ सापडलेली किंवा जखमी होऊन आलेली. मदाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेली अस्वलं इथे ठेवतात. एका म्हाताऱ्या अस्वलाच्या नाकावर दोरीची जुनी खूण दिसत होती. ते ऊन खात पाठीवर पडलं होतं. मी तिथेच सायकल टेकवून उभी राहिले. कितीतरी वेळ त्याने एका पंजाने दुसरा पंजा धरून ठेवला होता.

चितळ, सांबर, नीलगाई, रानडुकरं मात्र मोकळी फिरतात आणि पाणी प्यायला थेट तळ्यावर येतात. काठाला पाणी उथळ. ओंडक्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. पाणवनस्पतींच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटं पसरून चालत होता. आत थोड्या अंतरावर वारकऱ्यांचा मोठा थवा होता. या पक्ष्याला वारकरी हे नाव ज्याने कुणी दिलं त्याला माझा नमस्कार. सगळं अंग काळं, कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा, आणि एकटा म्हणून कधी दिसायचा नाही, सदा दिंडीत. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली थापटी बदकं आणि तलवार बदकंही होती. नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला मी दर हिवाळ्यात त्यांना बघते, त्यामुळे ओळख पटायला दुर्बिणीचीही गरज पडली नाही.

नांदूर मधमेश्वर आठवण्याला आणखी एक कारण आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये बडा आणि छोटा तालाब मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. मध्य प्रदेशातली ती पहिली नोंद. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणजे आमचं नांदूर मधमेश्वर, २०१९ सालची. दोन्ही ठिकाणी पाणी माणसाने अडवलंय, पक्षी नंतर आले.

वन विहारातून निघून भदभद्याला गेले. अकरा दरवाजांचं हे धरण १९६५ मध्ये झालं, तळ्याच्या आग्नेय कोपऱ्यात. त्याच्यामुळे तळ्याची पातळी वाढली आणि पूर्वी शेती होती तिथे पाणी पसरलं. डिसेंबरात दरवाजे बंद. खालच्या खडकांत थोडं साचलेलं पाणी आणि त्यात एक कवड्या खंड्या, हवेत एकाच जागी फडफडत थांबणारा, मग दगडासारखा खाली पडणारा. चार वेळा रिकामा आला, पाचव्या वेळी चोचीत चांदी चमकली.

इथून सुटलेलं पाणी कलियासोत नदीला मिळतं. उद्या तिच्यामागे.

दिवस तिसरा : कलियासोत, भोजपूर

भोजपूर भोपाळपासून तीसेक किलोमीटर. कलियासोत इथेच बेतवेला मिळते. या नदीच्या नावाची एक कथा सांगतात. राजा भोजाला कातडीचा रोग झाला, आणि ३६५ झऱ्यांचं पाणी एकत्र करून त्यात स्नान केलं तर तो बरा होईल असं एका साधूने सांगितलं. माणसांनी मोजलं तर झरे ३५९ भरले. तेव्हा कालिया नावाच्या गोंडाने एक दडलेली नदी दाखवली, तिचे झरे धरून संख्या पुरी झाली. म्हणून कालियासोत. राजाच्या इंजिनिअरांना सापडलं नाही ते रानातल्या माणसाला ठाऊक होतं, ही त्या कथेतली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वाटेत कलियासोत आणि केरव्याचा भाग लागतो. शहराच्या अगदी दाराशी असलेल्या या टेकड्यांत वाघ फिरतात, आणि ही अफवा नव्हे. रस्त्याला वनखात्याच्या पाट्या आहेत. कलियासोत धरणात मगरीही आहेत.

भोजपूरचं शिवमंदिर अपुरं राहिलंय. आतलं लिंग साडेसात फूट उंच, एकाच दगडातलं, मान वर करूनच बघावं लागतं. मला जास्त ओढ लागली ती बाहेरच्या खडकांची. तिथे कातळावर मंदिराचे आराखडे कोरून ठेवलेत: खांब, कळस, कोनाडे. मोठाले दगड वर चढवायला केलेला मातीचा उतार अजून मागे पडून आहे. जणू गवंडी जेवायला गेलेत.

इथेही भोजाचं एक प्रचंड तळं होतं, बेतवेवर. त्याच्या बांधाचे चुन्याशिवाय रचलेले थोर दगड अजून दिसतात. माळव्याच्या होशंगशाहाने पंधराव्या शतकात तो फोडला. फोडायला सैन्याला तीन महिने लागले, तळं रिकामं व्हायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं, असं लोक सांगतात. भोजाची ही दोन तळी, एक फुटलं, एक टिकलं. फुटलेल्याच्या जागी आज गव्हाची शेतं आहेत, हिरवीगार, सपाट.

परत आल्यावर मावशीला म्हटलं, “उद्या तू चल माझ्याबरोबर.”

“कुठे?”

“तालाब जिथून येतो तिथे.”

दिवस चौथा : पश्चिमेची उथळ बाजू

पहाटेच निघालो, नल भरून झाल्यावर. त्याआधी निघायला मावशी तयारच नव्हती. तिने डब्यात पोहे घेतले, थर्मासमध्ये चहा, आणि काकांची जुनी मफलर माझ्या गळ्यात गुंडाळली. रिक्षावाला ओळखीचा होता, बिसनखेडी म्हटल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

भोपाळचं तळं नकाशावर बघितलं तर त्याचा पूर्वेचा भाग कोरून काढल्यासारखा दिसतो. एका बाजूला श्यामला हिल्स, दुसरीकडे ईदगाह हिल्स, मध्ये खोल पाणी, सर्वांत खोल जागी सुमारे ११ मीटर. हे विंध्याचे लालसर वालुकाश्म. याच श्यामला टेकड्यांवर मानव संग्रहालय आहे आणि तिथल्या खडकांच्या आडोशाला आदिमानवाने रंगवलेली चित्रंही आहेत. पश्चिमेकडे जावं तसे खडक संपतात आणि काळी माती सुरू होते. दख्खनचा बेसॉल्ट, आपल्याच सह्याद्रीला ज्याने घडवलं तो, इथपर्यंत येऊन पोचलाय. नाशिकच्या शेतात पाय रुततो तसाच इथे रुतला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

या बाजूला जमीन ताटासारखी सपाट आहे. त्यामुळे तळ्याला काठच नाही. पातळी फूटभर उतरली की पाणी कितीतरी मागे सरकतं, आणि उघड्या पडलेल्या ओल्या मातीत शेतकरी गहू-हरभरा पेरतात. मधूनच शेतात एखादा सिमेंटचा खांब दिसतो. त्याला इथे मुनारा म्हणतात, पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं त्याची ती खूण. शेत संपून तळं कुठे सुरू होतं ते मात्र खांबावरून नाही, बुटांवरून कळतं.

धुकं होतं. रिक्षा गावाशी सोडून आम्ही बांधावरून चालत गेलो. मावशीने माझा दंड धरला होता. टिटवी ओरडत होती, मग गप्प झाली. आणि मग तो आवाज आला.

सारस ओरडतो तेव्हा पहिल्यांदा तो पक्ष्याचा आवाज वाटतच नाही. तुतारी आणि शंख एकदम फुंकावेत तसा, छातीत जाऊन बसणारा. एक सुरू करतो आणि दुसरा त्याच श्वासात उत्तर देतो. धुकं थोडं विरळ झालं तेव्हा ते दिसले, शंभरेक पावलांवर, गुडघाभर पाण्यात. दोघे. माणसाएवढी उंची, राखी अंग, आणि डोकं ते अर्धी मान बुडवून काढल्यासारखी लाल. नराने पंख पाठीवर उभे केले, मान सरळ आभाळाकडे ताणली. मादीनेही मान ताणली. तिच्या दोन हाका आणि त्याची एक, असं आळीपाळीने चाललं होतं, एकदाही ताल न चुकता. नंतर दोघांनी माना खाली घातल्या आणि काहीच न घडल्यासारखे चिखल उपसायला लागले. मादीने पाणवनस्पतीचा एक कंद ओढून काढला, पाण्यात दोनदा खळबळून धुतला आणि मग गिळला. गळ्यातून तो फुगवटा खाली सरकताना स्पष्ट दिसत होता.

मावशी काही बोलली नाही. तिने माझा दंड सोडला होता आणि दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

महाराष्ट्रात सारस आता उरलाय तो मुख्यतः गोंदिया आणि आसपास, मोजक्या संख्येने. तिथेही तो भाताच्या बांध्यांत, गावतळ्यांच्या कडेला राहतो. सारसाला खोल पाणी लागत नाही, कडेकपारीचं जंगल लागत नाही. त्याला लागतं अशा गुडघाभर पाण्याचं, चिखलाचं, अर्धं शेत अर्धं तळं असलेलं रान. तळ्याची जी बाजू बघायला कुणी येत नाही, जिथे बाकडं नाही, पुतळा नाही, तीच त्याची.

याच बाजूने कोलांस आत येते. तिचं पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर, तळ्याचं क्षेत्र सुमारे ३१. म्हणजे तळ्याच्या जवळजवळ बारापट जमिनीवरचा पाऊस गोळा होऊन इथे येतो, आणि त्यातली बरीच जमीन सिहोर जिल्ह्यातली शेतं आहेत. पावसाबरोबर तिथली माती येते, खत येतं, फवारणीचं औषध येतं. गाळ आधी याच उथळ भागात बसतो. १९९५ पासून जपानच्या कर्जातून तळ्याच्या दुरुस्तीचं मोठं काम झालं, गाळ उपसला, पाणवनस्पती काढल्या, सांडपाणी वळवलं. गरज होतीच, शहर हे पाणी पितं. पण नांदूर मधमेश्वरला मी शिकले की गाळ म्हणजे नुसती घाण नसते. गाळाने भरलेल्या उथळ पाण्यातच पक्ष्यांचं जेवण असतं. पिणाऱ्याला खोल तळं हवं, सारसाला उथळ. बड्या तालाबात आजवर दोन्ही मावलं, कारण तो मोठा आहे आणि पश्चिमेला त्याला पसरायला जागा होती. मला भीती वाटते ती या पसरायच्या जागेची. मुनाऱ्यापलीकडे प्लॉटचे दगड रोवलेले मी आज मोजले. राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये तळ्यातल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला लावल्या, त्याचं मला मनापासून बरं वाटलं. पण बोट निदान डोळ्यांना दिसते. शेताचा प्लॉट होताना आवाजही होत नाही.

ऊन वर आल्यावर बाकीचे दिसायला लागले: मुग्धबलाक, चोचीच्या मधल्या फटीतून गोगलगाय धरणारे, चमचे, पाण्यात डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत चालणारे, दूर चक्रवाकांची एक जोडी. पक्षी बघायला आलेली दोन कॉलेजची मुलं भेटली. त्यांनी दुर्बीण मावशीच्या हातात दिली, आणि ती अडखळत, कुठला डोळा मिटायचा ते विचारत, शेवटी चमच्यापर्यंत पोचली. “खरंच गं, कालथ्यासारखी चोच!”

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला एक बाई शिंगाडे विकत होती. तळ्यातलेच का, विचारलं. याच तळ्यातले, तिचा नवरा आणि दीर काढतात. ट्यूबवर बसून, छातीभर गार पाण्यात, वेल उलटा करून. हंगाम संपत आला होता. टोपलीत दोन ढीग होते, कच्चे हिरवट-तांबूस आणि उकडलेले काळे. तिने कच्च्याची दोन्ही शिंगं सुरीने उडवली, मधे एक चीर दिली आणि अंगठ्याने साल मागे ढकललं. आतून पांढराशुभ्र, थोडा त्रिकोणी गर. दाताखाली कुरकुरीत, चव गोडसर पाण्याची. उकडलेले सोलताना बोटं काळी होतात ती दोन दिवस जात नाहीत. मावशीने दोन्ही अर्धा अर्धा किलो घेतले. एकादशीला शिंगाड्याचं पीठ मी तिच्याच हातचं खाऊन वाढलेय, पण ते पाकिटातून यायचं. ओला शिंगाडा तिने आणि मी पहिल्यांदाच एकत्र सोलला.

रिक्षात बसायच्या आधी ती म्हणाली, “नदी कुठली दाखव.”

रस्त्याला एक पूल होता. फार मोठा नाही, खाली कोलांस. डिसेंबरची कोलांस म्हणजे वीसेक पावलांची धार, दोन्ही बाजूंना बेशरमाची झुडपं, एक म्हैस मानेपर्यंत बुडून बसलेली. मावशी पुलाच्या कडेने पायवाटेने खाली उतरायला लागली. मी हात दिला. गुडघे दुखतात म्हणून ती घरातल्या देवघरापुढे पाटावर बसत नाही, खुर्ची घेते. इथे मात्र ती दगडावर वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि नदीतच सोडलं. मग ओला हात माझ्या डोक्यावरून फिरवला, लहानपणी गोदावरीवर आजी फिरवायची तसा.

“हे घरी यायला किती दिवस लागत असतील?” तिने विचारलं.

मला सांगता आलं नाही. उद्या संध्याकाळी माझी गाडी होती. पहाटे नल येतील तेव्हा कळशी मी भरेन, असं मी तिला सांगितलं.